विनूचा अभ्यास चालू होता

लातूरच्या त्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो, आई, दादा आणि मी, आणि तिघांत मिळून काम एकच होतं, दादाचा अभ्यास. दादा तो करायचा, आई तो सांभाळायची आणि मी त्याच्या आड यायचे. निदान आईचं तसं ठाम मत होतं. अण्णा लोह्याच्या शाळेत मास्तर. त्यांनी तिकडे एकट्याने हात भाजून घेत स्वयंपाक करायचा आणि बायकोने पोरांना घेऊन लातूरला खोली करून राहायचं, अशी त्या काळात आमच्याकडे रीतच पडली होती. आमच्या गल्लीत घरोघरी अशा आया होत्या. कुणी नायगावची, कुणी उदगीरची, कुणी पार धर्माबादकडची. संध्याकाळी नळावर भेटल्या की त्या एकमेकींना 'तुमचा कितवीला' असं विचारत नसत, 'तुमचा कोणत्या बॅचला' असं विचारत. क्लासमध्ये मार्कांवरून बॅचा पाडलेल्या असत. पहिल्या बॅचवाल्याच्या आईला नळावर पाणीसुद्धा आधी भरू देत. हे मी थट्टेने लिहीत नाही, मी स्वतः घागर घेऊन मागे उभी राहिलेली आहे.

खोलीच्या एका कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा लावून आईने स्वयंपाकघर केलं होतं. लोह्याहून आणलेला पंपाचा स्टोव्ह तिने पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकला, कारण तो फरफर आवाज करायचा. त्याच्याऐवजी वातीचा स्टोव्ह आणला. त्याचा काही आवाज नव्हता, फक्त सगळ्या जेवणाला रॉकेलचा वास यायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ती वाती बारीक करायची, त्यामुळे आमच्या वरणातली डाळ कायम दाताखाली येत असे. पण खरा प्रश्न भाकरीचा होता. भाकरी थापल्याशिवाय होत नाही आणि थापली की आवाज होतो. म्हणून दादा क्लासला गेला की आई घाईघाईने सगळ्या भाकरी थापून फडक्यात बांधून ठेवायची, आणि तव्यावरची भाकरी ताटात पडली नाही तर ज्यांचं जेवण होत नाही असे आम्ही लोक, दोन वर्षं गार भाकरी शेंगाच्या चटणीशी आणि दह्याशी खात बसलो. दादाला तेवढे भिजवलेले बदाम मिळत. ते मला कधी मागावेसे वाटले नाहीत, कारण ते चावताना दादाचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा.

बोलणं तर बंदच होतं. मी तोंड उघडलं की आई ओठावर बोट ठेवून कुजबुजायची, "विनूचा अभ्यास चालूय." दारावर कुणी आलं की ती उंबऱ्याबाहेर जाऊन तेच सांगायची. हळूहळू आम्ही खुणांवर जगायला शिकलो. जेवायचं का, तर हाताचा द्रोण तोंडाशी. पाणी आलं का, तर भुवया वर. शनिवारी अण्णा यायचे, खाटेच्या काठावर बसायचे आणि विचारायचे, "कसं चालूय?" दादा मान हलवायचा. अण्णांचं समाधान व्हायचं. आमच्याकडे मान हलवली की त्याचा अर्थ हो असा होता, आणि नुसतं गप्प राहिलं तरी त्याचा अर्थ हो असाच होता. नाही म्हणायला कुठली खूणच आम्ही ठरवलेली नव्हती.

हा माझा दादा मुळात असा नव्हता हो. लोह्यात असताना तो शाळेतल्या एकेका मास्तरची नक्कल करायचा, अण्णांचीसुद्धा, आणि मी हसून हसून अंगणात लोळायचे. रस्त्याने शीळ वाजवत यायचा, ती ऐकून आई चहा टाकायची. लातूरला आल्यावर शीळ गेली, मग नकला गेल्या, मग माझ्याशी बोलणं गेलं. बारावीच्या मध्यावर त्याच्या क्लासची वेळ बदलली. सकाळी जायचा तो दुपारी जायला लागला. आईला वाटलं, हुशार मुलांचा जादा क्लास घेतात. मला मैत्रिणीकडून कळलं होतं की दुपारची बॅच खालच्यांची. तो पहाटे उठून दिव्याखाली पुस्तक उघडून बसायचा आणि मी अंथरुणातून बघायचे, तर खूप वेळ पान उलटत नसे.

बारावीला मार्क वाईट पडले नाहीत. लोह्यात त्या मार्कांना लोकांनी उचलून घेतलं असतं. लातुरात मात्र तसल्या मार्कांची पोरं गल्लीगल्लीत होती, आणि डॉक्टरकीला नंबर लागेल की नाही हे काठावर होतं. आईला मात्र शंका नव्हती. तिने यादी लागायच्या आधीच शिंप्याकडून पांढरा ॲप्रन शिवून घेतला होता आणि तो इस्त्री करून ट्रंकेत तळाशी ठेवला होता. ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी दादा सकाळच्या गाडीने नांदेडला गेला. दुपारपासून आई दारात उभी. हातात साखरेची वाटी. समोरच्या नायगावच्या काकू, त्यांच्या शेजारच्या, सगळ्या आपापल्या पायऱ्यांवर येऊन बसलेल्या, तांदूळ निवडायचं निमित्त करून. दिवेलागणीला दादा गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो आला, चपला काढल्या, आईसमोर उभा राहिला आणि बोलायला त्याने तोंड उघडलं. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. त्या उघड्या तोंडात आईने साखरेची चिमूट घातली.

"लागला गं नंबर!" नायगावच्या काकू ओरडल्या, आणि गल्लीत एकच गलका झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या खोलीत आवाज झाला. बायका आत आल्या, पोरं आत आली, कुणीतरी दादाच्या पाया पडलं, आई मोठ्यांदा हसली. तिचं हसणं कसं असतं ते मी विसरूनच गेले होते. तिने मला माळ्यावर चढवून पंपाचा स्टोव्ह काढायला लावला आणि त्याच्या फरफरीत शिरा केला. दादा भिंतीला टेकून बसला होता. कुणी पाठ थोपटली की मान हलवत होता. मला वाटलं, आनंदाने त्याला सुचेनासं झालंय.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी धुणं वाळत घालत होते तर तो मागून आला. पिळलेलं धोतर त्याने दुसऱ्या टोकाला धरलं, झटकलं आणि म्हणाला, "सुमे, नंबर लागला न्हाई."

मी हसले. तो हसला नाही.

"मग साखर कामून खाल्लीस?"

"आईनं घातली."

"थुंकायची."

यावर तो हसला, जरासंच. मग दोरीवरचं धोतर सारखं करत बसला, जिथे सुरकुती नव्हती तिथेही. "आण्णा येऊ दे. आण्णा आले की सांगतो. आईला मी एकट्यानं न्हाई सांगू शकत."

निरोप मिळाल्यावर अण्णा शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आमच्या अण्णांनी आम्हाला कधी मारलं नाही, तसं कधी जवळही घेतलं नाही. पोरांना हात लावायचा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं बहुतेक. त्या दिवशी ते आत आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत, आणि त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, ठेवूनच उभे राहिले. "जिंकलास रे इन्या," म्हणाले. विनूचा त्यांच्या तोंडी इन्या व्हायचा. मी दादाकडे बघत होते. त्याचा तो खांदा हळूहळू खाली गेला, हाताखाली नीट बसला. तेव्हाच मला कळलं की हा आता सांगणार नाही. मला त्याचा राग आला नाही. मला तर त्या हाताचा हेवा वाटत होता.

पुढे लोह्याला शाळेच्या पटांगणात त्याचा सत्कार झाला. भगवा फेटा, शाल, नारळ. हेडमास्तरांनी भाषण केलं की या मातीतून पहिला डॉक्टर निघाला, आणि अण्णांना बोलायला उभं केलं तर त्यांना रडू कोसळलं. सत्कार संपल्यावर लोक पांगले नाहीत, उलट दादाभोवती रांग लागली. कुणी गुडघा दाखवला, कुणी जीभ काढली, एका म्हाताऱ्याने तर सदरा वर करून पाठीवरचं गळू दाखवलं. अजून कॉलेजचं दारसुद्धा न बघितलेल्या पोराला. दादा फेट्यासकट वाकून एकेकाचं ऐकत होता. "किती शांतपणानं ऐकून घ्यायलाय बघा," बायका म्हणत होत्या, "आतापासूनच डॉक्टरचं लक्षण." मला हसूही येत होतं आणि तिथून त्याला ओढून न्यावंसंही वाटत होतं. रात्री फेटा काढला तेव्हा कपाळावर त्याचा वळ उठलेला होता.

तो नांदेडला गेला तेव्हा अण्णा सोबत जाणार होते, पण शाळेची तपासणी निघाली आणि दादा ट्रंक घेऊन एकटाच गेला. ॲप्रन त्याच ट्रंकेत. तिथे तो काय करत होता ते त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. काही करत नव्हता. नायगावकडच्या एका मुलाबरोबर त्याने खोली घेतली होती. सकाळी त्या मुलाबरोबर तयार होऊन बाहेर पडायचं, गोदावरीच्या घाटावर बसायचं, ऊन चढलं की गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन पंगतीत बसायचं. "तिथं कुणी विचारत न्हाई सुमे, तू कोण, काय करायलास," तो म्हणाला होता. "जेव म्हणतात फकस्त." पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसावं असं त्याच्या मनात यायचं, पण त्यासाठी आधी घरी सांगावं लागलं असतं.

मी अकरावीत होते म्हणून आई माझ्यासाठी लातूरलाच राहिली होती. माझ्या अभ्यासासाठी अर्थातच कुठला स्टोव्ह माळ्यावर गेला नाही. त्याच काळात गणपती बसले, उठले, आणि लगेच तो भूकंप झाला. त्याच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मला आठवतं ते एवढंच की मांडणीतली सगळी भांडी एकदम खाली आली आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता आई रागावणार, केवढा आवाज झाला. मग आम्ही रस्त्यावर होतो. आमची खोली उभी राहिली, भिंतीला तडे गेले तेवढेच. उजाडल्यावर औशाकडून येणारे लोक गावांची नावं सांगू लागले, आणि त्यात आईच्या माहेरचं नाव आलं. आई रस्त्याच्या कडेला खाली बसली. ती रडली नाही. ती मला म्हणाली, "शांत बस जरा, मला ऐकू दे," आणि मी तर काहीच बोलत नव्हते.

दत्तूमामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. त्याला दगडाच्या भिंतीखालून काढून ट्रकने लातूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. मामी गेली होती. हे सगळं मामाच्या गावच्या एका माणसाने दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, पण दवाखान्याच्या फाटकाशी एवढी गर्दी होती की पोलीस कुणालाच आत सोडत नव्हते. आई आणि मी सकाळपासून तिथे उभ्या होतो. आणि तेवढ्यात गर्दीतून दादा आला. लातूरचं काही बरंवाईट झालंय असं ऐकून तो नांदेडहून मिळेल त्या गाडीने आमच्यासाठी आला होता, खोलीवर जाऊन शेजारणींना विचारून इथे आला होता. त्याच्या हातात पिशवी होती. आईने ती घेतली, त्याच्या घड्या केलेल्या कपड्यांत हात घातला आणि ॲप्रन काढला. शोधलासुद्धा नाही, जणू तिला माहीत होतं की तो हा ॲप्रन सगळीकडे घेऊन फिरतो. तिथेच, त्या गर्दीत, तिने तो त्याच्या अंगात चढवला आणि बटणं लावली. पोलिसाने बघितलं आणि वाट दिली. दादाच्या मागे आम्ही आत.

आतलं सगळं लिहिणार नाही. खाटा कधीच संपल्या होत्या, माणसं फरशीवर होती, पोर्चमध्ये होती. पांढरा ॲप्रन दिसला की हात वर यायचे. "डॉक्टरसाहेब, हिकडं. डॉक्टरसाहेब, माझ्या लेकीला बगा." एका बाईने ॲप्रनचं टोक मुठीत धरलं ते सोडेना. दादाने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि "येतो, येतो" म्हणत राहिला. मामा एका भिंतीशी चटईवर होता. उजवा पाय गुडघ्याखाली ओळखू येत नव्हता आणि त्याचा वास येत होता. शेजारी एक डॉक्टर उकिडवे बसून त्याला समजावत होते, बाहेरगावाहून मदतीला आलेले, डोळे तांबारलेले. पाय आजच काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर चढेल. आणि मामा तोंड फिरवून पडला होता.

आईला बघून तो म्हणाला, "अक्का, ह्येंला सांग. पाय न्हाई देणार म्या. सगळं गेलं माझं, आता पाय बी घ्यायलेत." मग त्याला दादा दिसला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. मेलेल्या माणसासारखा पडलेला माझा मामा कोपरावर उठला. "आला. माझा भाचा आला. आमच्या घरचाच डॉक्टर हाय की. तू बग रे इनायका. तू म्हणशील तसं."

डॉक्टरांनी दादाकडे बघितलं, त्याच्या कोवळ्या चेहऱ्याकडे. बाजूला सरकून त्यांनी त्याला जागा दिली. दादा खाली बसला. त्याने पायाकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि स्वच्छ आवाजात, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, मी डॉक्टर न्हाई."

"आरं, आत्ता न्हाई तर होशील की," मामा म्हणाला.

"होणार बी न्हाई. माझा नंबरच लागला न्हाई मामा. मी कॉलेजात न्हाई. मी नांदेडला नुसता राहतो."

इतके दिवस अडलेलं ते एका दमात बाहेर पडलं. वाटलं, सुटला एकदाचा. पण मामा आईकडे बघत होता, आणि आई हसली. त्या जागी, त्या वासात, माझी आई हसली आणि म्हणाली, "भ्यालाय रे लेकरू. पयलंच वर्ष हाय, आसलं कधी बगितलं न्हाई." शेजारच्या चटईवरची म्हातारी म्हणाली, "भिणारच की बाई, ल्हान हाय." मामाने दादाचा हात धरला आणि उलटं तोच त्याला धीर देऊ लागला, "भिऊ नको इनायका. बग नीट."

आईने दादाचं मनगट धरून त्याला उठवलं आणि व्हरांड्यात नेलं. मी मागे गेले. खांबाआड उभी राहून ती हळू बोलली, तिच्या त्या नेहमीच्या कुजबुजीत.

"मला ठाव हाय."

"काय?"

"नंबर लागला न्हाई ते."

"कवापासून?"

"साखर घातली तवाच. तुजं तोंड बगून." मग ती भराभर बोलत गेली. "समद्या बघायल्या व्हत्या रे दारात. आन तुजे आण्णा. ते ऱ्हाऊ दे. आत्ता ऐक माजं. दत्तू कुणाचं ऐकणार न्हाई, तुजंच ऐकंल. तू जा आन पाय काढू द्या म्हण. येवढा माजा भाऊ वाचव. मंग तुला काय बोलायचं ते बोल, आण्णाम्होरं बोल, मी तुज्या बाजूनं उभी ऱ्हाईन."

"नक्की?" दादाने विचारलं. असं विचारताना तो लोह्याच्या अंगणातला मुलगा दिसत होता.

"नक्की. पन मी सांगीन तवा. तवर न्हाई."

तो आत गेला, मामाजवळ बसला आणि म्हणाला, "मामा, पाय काढू द्या." मामाने तोंड त्याच्याकडे वळवलं. "तू म्हणतूस न्हवं?" त्याने विचारलं. दादाने मान हलवली. "मंग काढा," मामा डॉक्टरांना म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले. मामा वाचला. पुढे कुबडी घेऊन तो कितीतरी वर्षं जगला आणि भेटेल त्याला सांगत राहिला की मोठमोठे डॉक्टर हात टेकून बसले होते, शेवटी माझ्या भाच्याने निकाल दिला.

दादा आईची वाट बघत राहिला. मामाला दवाखान्यातून सोडलं त्या संध्याकाळी तो आईसमोर येऊन बसला, काही न बोलता. आई ज्वारी पाखडत होती. "आजून जखम वली हाय दत्तूची," ती म्हणाली, "त्याला कळलं तर त्याला काय वाटंल?" दिवाळीत तो परत तसाच येऊन बसला. "सणाचं नको," आई म्हणाली. एकदा कसलंही निमित्त न सांगता अण्णा नांदेडला गेले आणि संध्याकाळी परत आले. तांब्याभर पाणी प्यायले, पंच्याने तोंड पुसलं आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्या दिवसापासून त्यांनी दादाला डॉक्टर म्हणायचं सोडलं. मग इन्या म्हणायचं सोडलं. पुढे त्यांनी त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही, 'अगं, त्याला पाणी दे' असं आईला सांगायचे. मी आईला म्हटलं, आता तरी त्याला बोलू दे की. ती म्हणाली, "आण्णाला सहन व्हायचं न्हाई." धीर करून मी अण्णांना विचारलं, तर ते पेपर खाली न घेता म्हणाले, "तुझ्या आईला कळू देऊ नकोस. खचेल ती." मला तेव्हा किंचाळावंसं वाटलं होतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यावर पहारा देत बसला होता, आणि त्या पहाऱ्याच्या मधोमध माझा भाऊ दिवसेंदिवस विझत चालला होता.

मी आता लातूरच्याच एका कॉलेजात शिकवते. खोल्या वाढल्या, इमारती उठल्या, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागतात. पालकांच्या सभेला आया येतात आणि विचारतात, मॅडम, घरात अजून काय करू त्याच्यासाठी? टीव्ही बंद केलाय, पाहुणे बंद केलेत. मी सांगते, थोडा आवाज होऊ द्या घरात. त्या हसून मान हलवतात आणि मला माहीत असतं, त्यांनी ते ऐकलेलं नाही. मागे माझ्या वर्गातला एक मुलगा असाच दिवसचे दिवस बसस्टँडवर बसून राहायचा. मला कळेपर्यंत फार उशीर झाला होता. त्याच्याबद्दल मला इथे लिहवत नाही.

दादा धर्माबादला मिरचीच्या आडतीवर नोकरी करतो. लग्न केलं नाही. मुली सांगून येत तेव्हा मुलगा डॉक्टर म्हणून येत, आणि तो नुसता गप्प बसायचा, मग बोलणी आपोआप मोडत. अण्णा गेले, मामा गेला. आई माझ्याकडे असते. तिचं सगळं मागेपुढे झालंय. सकाळी जेवली ते दुपारी आठवत नाही, मला कधी सुमी म्हणते, कधी नायगावच्या काकूंच्या नावाने हाक मारते.

गेल्या महिन्यात दादा आला होता. त्याच्या कपड्यांना मिरचीचा खाट असतो, तो जवळ गेल्या गेल्या आईला शिंका आल्या. तो तिच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसला. तिचे पाय दाबत होता. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, दार उघडं होतं. केस पिकलेल्या माझ्या भावाचा आवाज आला, अगदी हळू, "आई, आता बोलू का?"

माझा हात थांबला. मला वाटलं होतं, तो ते कधीच विसरून गेला असेल. आईने त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख आली, कौतुक आलं, आणि ती खणखणीत आवाजात, ओठावर कुठलंही बोट न ठेवता म्हणाली, "बोल की रे! कामून बोलत न्हाईस? दवाखाना कसा चाललाय तुजा?"

दादा तिचे पाय दाबत राहिला. आजवर कुणासमोर त्याने खोटा शब्द काढला नव्हता. लोकांनी समजायचं ते समजलं होतं आणि तो गप्प बसला होता, इतकंच.

"बरा चाललाय," तो म्हणाला. "लई पेशंट असतात आई."